शेजारचे ताट

दिवाळीच्या फराळाचे ताट शेजारी पोचवण्याचे काम लहानपणी माझ्याकडे असे. चार चकल्या, दोन करंज्या, मूठभर चिवडा, एखादा अनारसा आणि वर विणलेला रुमाल. मी ते पोचवून परत येतो न येतो तोच शेजारचे ताट आमच्या ओटीवर हजर झालेले असे. मग आई दार लोटून घेई आणि तपासणी सुरू होई. चकली मोडून आत नळी पडली आहे की नाही, ते आधी पाहायचे. "मोहन कमी पडलंय," असा निकाल बहुधा ठरलेलाच असे. करंजीपाशी मात्र ती थबके. "करंजी साधली आहे हो त्यांना!" हे वाक्य ती इतक्या हळू आवाजात उच्चारी, की भिंतीपलीकडे तर सोडाच, मागच्या पडवीतसुद्धा ऐकू जाऊ नये! वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणत, "अगं, या घटकेला त्यासुद्धा तुझी चकली मोडून बघत असतील."

आपले बरे चालले आहे की वाईट, हे कळायला माणसाला शेजारचे ताट लागतेच. दूरच्या श्रीमंताचा कोणाला हेवा वाटत नाही. अमेरिकेत माणशी किती मोटारी आहेत हे वाचून माझी झोप कधी उडालेली नाही; पण शेजारच्यांनी घराला नवा रंग काढला की आमच्या भिंतीवरचे पोपडे मला एकाएकी दिसू लागतात. देशांचेही असेच असावे, अशी माझी समजूत होती. पडताळा पाहायला मात्र वयाची पंचेचाळीस वर्षे जावी लागली.

मी कोकणातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिक आणि त्यापुढे हात वळण्यापुरता चित्रकलेचा अभ्यासक्रम. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांत माणसाच्या सुखदुःखाविषयी मोठ्या अधिकारवाणीने पानेच्या पाने भरली आहेत. परंतु देशाबाहेर पाऊल टाकण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तो आला तो माझ्या थोरल्या मुलीमुळे.

ती परिचारिकेचे शिक्षण पुरे करून जिल्ह्याच्या गावी नोकरीला लागली होती आणि रात्री जेवणे आटोपल्यावर जर्मन भाषेची पुस्तके उघडून बसत होती. कशासाठी ते आम्हांला कळत होते. पण ते तिने बोलून दाखवीपर्यंत न कळल्यासारखे करायचे, असे आम्ही उभयतांनी ठरवले होते. एके दिवशी ती बोललीच. मीही, अशा वेळी प्रत्येक बाप विचारतो तेच विचारले, "इथे तुला काय कमी आहे?"

"यादी करू का, बाबा?" ती म्हणाली, आणि बोटे मोडू लागली. एका परिचारिकेमागे किती रोगी असतात ते. पगार कोणत्या तारखेला होतो ते. रात्रपाळी संपल्यावर घरी यायला वाहन कसे मिळते ते. आणि चार बोटे झाल्यावर, अंगठा धरून, अगदी सावकाश म्हणाली, "आणि आजीच्या वेळचं आठवा."

आठवायचे कशाला? ते विसरलो होतो कुठे! आईच्या शेवटच्या आजारपणात दहा कलमे असलेला वाडीचा तुकडा विकावा लागला. देणे फिटले, आई राहिली नाही. मी गप्प बसलो. खरे सांगायचे तर, 'काय कमी आहे?' या प्रश्नाला उत्तर असते हेच माझ्या ध्यानात नव्हते. उत्तर येऊ नये म्हणून विचारायचा तो प्रश्न!

हार मानणे मात्र मास्तरांच्या स्वभावात नसते. माझ्या मनात एक युक्ती आली. आपला शेजारी भूतान म्हणे सुखी देश आहे. महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याएवढा मुलूख, आठ लाखांच्या आत वस्ती, समुद्र नाही, आगगाडी नाही. आणि तरीही राजाने जाहीर केले की राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय सुख मोठे! जिग्मे सिंग्ये वांगचुक १९७२ साली गादीवर आले, तेव्हापासूनचा हा विचार. २०१९ च्या जागतिक आनंद अहवालात भूतान ९५ वा होता आणि आपण १४० वे. एवढासा देश डोंगराआड समाधानाने राहू शकतो, तर आमच्या मुलीला जर्मनी कशाला हवी? पुरावा गोळा करून आणावा आणि तिच्यापुढे मांडावा, असे मी ठरवले. २०२४ च्या मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या सौ.ना घेऊन निघालो. बरोबर एक शंभर पानी वही घेतली. पहिल्याच पानावर पट्टीने मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिले 'आपण', उजवीकडे 'ते'.

सियालदहहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी हासीमारा येते. तिथून चहाच्या मळ्यांमधून जयगाव. जयगाव म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही बाजारपेठेचे सख्खे भावंड. तोच कर्ण्यांचा कलकलाट, तीच रस्त्यावर आलेली दुकाने, त्याच वाहत्या गटारी. आणि साबणाच्या वडीपासून लग्नाच्या शालूपर्यंत काय हवे ते हजर! त्या गर्दीत एक रंगीत वेस उभी आहे. वेशीपलीकडे फुन्शोलिंग. पलीकडे पाऊल टाकले आणि आमच्या मार्गदर्शकाने हसत सांगितले, "घड्याळ अर्धा तास पुढे करा." चार पावलांत अर्धा तास! कर्णे थांबले, रस्ता रुंद झाला, आणि सौ. रस्ता ओलांडण्यासाठी पांढऱ्या पट्ट्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

समोरून मोटार आली आणि तीही थांबली. सौ. मोटार जायची वाट पाहत होत्या, मोटारवाला सौ. जायची वाट पाहत होता. पंगतीत दोघांनी एकमेकांना "आधी तुम्ही" म्हणावे तसा तो प्रकार बराच वेळ चालला. शेवटी मार्गदर्शक म्हणाला, "मॅडम, तो तुमच्यासाठीच थांबलाय." सौ. रस्ता ओलांडून आल्या त्या एखादा सत्कार स्वीकारून आल्यासारख्या. मी वहीत उजवीकडे पहिली नोंद केली : 'पायी चालणाऱ्यासाठी मोटार थांबते. खर्च : एक डबा पांढरा रंग.' चित्रकलेचा मास्तर म्हणून सांगतो, हा रंग आपल्याकडेही मिळतो.

त्यानंतर उजवा रकाना असा भरभर भरत गेला, की मला डावीकडचे पान कोरे दिसू नये म्हणून हात ठेवावा लागे. २००८ च्या राज्यघटनेनेच तिथे ठरवून टाकले आहे, की देशाची साठ टक्के जमीन सदासर्वकाळ अरण्याखाली राहील. दहावीपर्यंतचे शिक्षण फुकट. मूलभूत आरोग्यसेवा फुकट. थिंफू ही राजधानी, पण चौकात दिवे नाहीत. नक्षीच्या छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला शिपाई नर्तकासारखे हात हलवतो आणि वाहने त्याचे ऐकतात! दिवा एकदा बसवला होता, तो लोकांना परका वाटला म्हणून काढून टाकला. आणि आमच्या धंद्याची गोष्ट सांगायची तर, २०१९ पासून तिथे शिक्षकाला आणि वैद्यकीय सेवेतल्या माणसाला त्याच दर्जाच्या इतर सरकारी नोकराहून अधिक पगार आहे. ही नोंद मी जरा मोठ्या अक्षरांत केली.

जेवायला तांबडा भात आला आणि कोकणातला माणूस विरघळला. सोबत चीजमध्ये शिजवलेल्या मिरच्या होत्या. मिरची हा तिथे मसाला नव्हे, भाजी आहे! जेवणानंतर मार्गदर्शकाने सुपारीला चुना लावून पान पुढे केले, तेव्हा परदेशी आल्याची माझी भावना साफ नाहीशी झाली.

फुन्शोलिंगहून थिंफूचा रस्ता डोंगराच्या कड्यावरून जातो. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले ते नथु ला ओलांडून, चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवर आणि याकांवर बसून. कारण रस्ताच नव्हता. भूतानने स्वतंत्र राहावे आणि आपली वाट आपण निवडावी, असे त्यांनी पारोमध्ये जाहीर सांगितले. पुढे १९६१ साली आपल्या सीमा रस्ते संघटनेच्या 'दंतक' पथकाने काम हाती घेतले आणि पाचसहा दिवसांची पायपीट पाचसहा तासांवर आली. वाटेत चुखा लागते. तिथल्या ३३६ मेगावॅटच्या वीजप्रकल्पासाठी साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज भारताने दिले. पावसाळ्यात भूतानच्या नद्यांची वीज आपल्याकडे येते. अलीकडे हिवाळ्यात नद्या बारीक झाल्या की तोच देश आपल्याकडून वीज विकत घेतो. मला आईची आठवण झाली. शेजारचे ताट रिकामे परत पाठवायचे नाही, हा तिचा नियम होता. काही नसले तर निदान चिमूटभर साखर.

परंतु हे लिहायचे कोणत्या रकान्यात? ही माझी पहिली पंचाईत.

दुसरी पंचाईत थिंफूत झाली. आमच्या खोलीसमोर एक नवी इमारत उठत होती आणि परातींवर माती वाहणारी माणसे हिंदी बोलत होती. खाली जाऊन चौकशी केली, तर एक कूचबिहारचा, दोन झारखंडचे. "इकडे बरे आहे," कूचबिहारचा म्हणाला. "पैसे वेळेवर मिळतात. कोणी ओरडत नाही." आणि जरा थांबून म्हणाला, "पण इथे राहायचे नाही आपल्याला. काम संपले की परत." त्या सुबक नक्षीच्या खिडक्यांची भिंत आमच्याच माणसांनी रचलेली होती. फुन्शोलिंगची वेस रोज सकाळी जयगावच्या मजुरांसाठी उघडते. आणि तीच वेस ओलांडून भूतानी कुटुंबे स्वस्त किराण्यासाठी पिशव्या घेऊन जयगावला येतात. अर्ध्या तासाचे अंतर दोन्ही बाजूंनी रोज कापले जाते!

तिसरी पंचाईत अधिक अवघड होती. सगळी शाळकरी मुले घो आणि किरा या पोशाखात पाहून सौ. हरखून गेल्या. "बघा, आपला पोशाख कसा जपलाय!" मलाही ते चित्र आवडले, पण मी वाचलेले मला आठवले. १९८९ साली हा पोशाख सर्वांना सक्तीचा झाला, दक्षिणेकडच्या नेपाळीभाषक भूतानींनासुद्धा. नागरिकत्वासाठी १९५८ पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावे मागितले गेले. त्यानंतरच्या थोड्याच वर्षांत एक लाखावर माणसे देशाबाहेर पडली, आणि पूर्व नेपाळातल्या छावण्यांत मुलांची लग्ने होईपर्यंत राहिली. २००७ च्या अखेरीपासून पुढे त्यांतल्या बहुतेकांना अमेरिकेने आणि इतर देशांनी ठेवून घेतले. मार्गदर्शकाला मी याविषयी विचारले. तो रस्त्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मी तेव्हा फार लहान होतो, सर." मी पुन्हा विचारले नाही. पण शेजारच्या ताटात काय आहे ते पाहताना, पंगतीतून कोणाला उठवले तेही पाहावे लागते. माझ्या वहीत त्यासाठी रकाना नव्हता. डावीकडे लिहायला बसलो तर आपल्याकडेही उठवलेल्यांची यादी थोडीथोडकी नाही.

भूतानमध्ये सुख मोजण्याची एक रीतसर पद्धत आहे. नऊ क्षेत्रे, तेहतीस निर्देशक. घरोघर माणसे जाऊन प्रश्न विचारतात. उत्पन्न किती, हे तर विचारतातच. पण झोप किती तास मिळते, राग कितीदा येतो, आजारी पडलात तर किती जण धावून येतील, हेही विचारतात. हा शेवटचा प्रश्न ऐकून मी गाडीत गप्प झालो. आईच्या आजारपणात मध्यरात्री रिक्षा काढणारा शेजारी. चाळीस दिवस न चुकता पेज घेऊन येणाऱ्या, ज्यांच्या चकलीत मोहन कमी पडे त्या, शेजारच्या काकू. रक्त द्यायला आलेली दहावीतली जुनी मुले. मोजले, सतरा नावे झाली. डाव्या रकान्यात मी प्रथमच ठसठशीत अक्षरांत लिहिले : 'सतरा.' वाडी रुग्णालयाने घेतली हे खरे. पण आम्हांला उभे ठेवले ते या सतरा जणांनी. त्यांची किंमत कोणत्याच राष्ट्रीय उत्पन्नात धरलेली नाही.

मार्गदर्शकाला हे सांगितले, तेव्हा तोही मोकळा झाला. त्याच्या वडिलांच्या मूत्रपिंडाचे दुखणे थिंफूत आटोपण्यासारखे नव्हते. सरकारने त्यांना स्वतःच्या खर्चाने कलकत्त्याला धाडले. अडीच महिने औषधपाणी झाले. घरचा एक नुलत्रुमही गेला नाही. "पण वडिलांना तिथले जेवण जाईना," तो म्हणाला. "शेजारच्या खाटेवर एक बंगाली गृहस्थ होते. त्यांच्या घरून रोज डबा यायचा. दुसऱ्या आठवड्यापासून दोन डबे यायला लागले." वडील आता बरे आहेत.

"मग तुमचा देश खरोखरच सुखी," मी वही सरसावून म्हटले. मुलीसाठी याहून चांगला पुरावा कोठे मिळणार होता?

त्याने खिशातला फोन काढून एक छायाचित्र दाखवले. पांढऱ्या गणवेशातली एक तरुण स्त्री, मागे निळा समुद्र. "माझी बायको. थिंफूच्या रुग्णालयात नर्स होती. आता पर्थला आहे, ऑस्ट्रेलियात. दीड वर्ष झाले."

मी वही मिटली.

मग त्याने सगळे सांगितले. तिच्याबरोबरच्या कितीतरी जणी गेल्या. शिक्षक गेले, कचेरीतले कारकून गेले. २०२२ साली सरहद्दी पुन्हा उघडल्यापासून रीघच लागली. देशाचा सुखाचा निर्देशांक २०१० मध्ये ०.७४३ होता, तो २०२२ मध्ये ०.७८१ वर गेला. आणि त्याच सुमारास तरुण माणसे विमानाची तिकिटे काढत होती! त्याची चार वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी फोनच्या काचेवर आईला पापा देते. जाण्यासाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे आहे.

"मग तुम्ही का नाही गेलात?" सौ.नी विचारले.

"म्हातारी आई आहे. वडिलांची औषधे आहेत. गाई आहेत. कोणीतरी मागे राहायला हवे ना, मॅडम?"

"आणि ती तिथे सुखात आहे का?"

त्याने बराच विचार केला. "सुखात होती ती इथेच," तो म्हणाला. "तिथे तिला वाटते, आपण काहीतरी आहोत. ते इथे वाटत नव्हते." फोन खिशात ठेवता ठेवता तो पुढे म्हणाला, "मी तिला अडवले असते तर ती थांबली असती, सर. मग मी रोज तिच्या तोंडाकडे बघितले असते."

परतीच्या वाटेवर वेशीपाशी घड्याळ अर्धा तास मागे केले. जयगावचे कर्णे कानांवर आदळले. रस्ता ओलांडायला सौ. थांबल्या, कोणीही थांबले नाही, आणि त्यांनी माझा हात धरला. आगगाडीत मी वही काढून हिशेब मांडून पाहिला. सरासरी आयुष्य दोन्हीकडे सत्तरीच्या पलीकडे, फरक फार तर वर्षाचा. माणशी उत्पन्न त्यांचे आपल्या दीडपट. अरण्य त्यांचे, बाजार आपला. शांतता त्यांची, सतरा माणसे आपली. बेरीज काही केल्या जमेना. दोन्ही रकान्यांच्या तळाशी मात्र एकच ओळ लिहावी लागली : 'परिचारिका चालली.'

घरी आल्यावर मुलीने विचारले, "कोण जिंकलं, बाबा?" मी वही तिच्या हाती दिली. तिने ती उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली आणि काही न बोलता परत दिली. त्या रात्री मी तिच्या खोलीत गेलो आणि जर्मन भाषेत 'बाबा'ला काय म्हणतात ते विचारले. ती हसली, आणि मग तिला हसू आवरेना, आणि मग रडू आवरेना.

२०२५ च्या एप्रिलमध्ये ती गेली. कर्जाच्या कागदावर माझी सही आहे. मला तिचे जाणे पटले असे मी म्हणणार नाही. परंतु 'इथे काय कमी आहे?' हा प्रश्न आता मी तिला विचारत नाही. तो विचारायचा तर ज्यांच्या हातात ते कमीजास्त करणे आहे त्यांना विचारायला हवा. वर्गातल्या मुलांना मी 'माझे गाव' हा चित्राचा विषय देतो, तेव्हा त्यांनी काढलेल्या रस्त्यांवर पांढरे पट्टे मारायला मात्र न चुकता सांगतो. मुले विचारतात, "सर, आपल्या गावात कुठे आहेत?" मी म्हणतो, "आधी चित्रात तर येऊ देत!"

गणपतीत तिने तिथे करंज्या केल्या. खालच्या मजल्यावर एक एकट्या राहणाऱ्या आजीबाई आहेत. चार करंज्या ताटात घालून, वर रुमाल झाकून, ती देऊन आली. दुसऱ्या दिवशी आजीबाई ताट घेऊन वर आल्या. तिने फोनवर आईला सांगितले, "ताट रिकामंच परत आलं गं. पण इतकं घासूनपुसून, की त्यात तोंड दिसावं! आणि दारात उभ्या राहून त्यांनी मला माझं नाव तीनदा उच्चारायला लावलं, नीट म्हणता येईपर्यंत."

दिवाळीच्या फराळाचा डबा तिच्याकडे रवाना झाला आहे. सौ.नी त्यात आजीबाईंसाठी वेगळी पुडी घातली आणि करंज्या मोडू नयेत म्हणून भोवती चिवडा भरला. डबा बांधता बांधता त्या मला म्हणाल्या, "अहो, ते आजीबाईंचं तुमच्या वहीत लिहा की."

मी वही उघडून बसलो आहे. कोणत्या रकान्यात लिहावे, ते अजून ठरलेले नाही.